पंख मी लावला, भोकं हिनं पाडली

८ फेब्रुवारी, रविवार

आणली! अंगणात उभी आहे. दर पाच मिनिटांनी खिडकीशी जाऊन बघतोय — अजून तिथेच आहे.

दोन सीटांची. लांब नाक, बसकी, मागून गोल. रंग एकेकाळी लाल असावा, आता उन्हात राहिलेल्या हिरडीसारखा झालाय. माझा धंदा काही डोळ्यांतून जात नाही — चोवीस वर्षं कवळ्या बनवतोय, जगातला प्रत्येक गुलाबी मला हिरडीच वाटतो.

लग्नाला पंचवीस वर्षं झाली. लेक नोकरीसाठी लांब गेली, तेव्हापासून घरातली बोलणी म्हणजे ‘दूध आहे का’ आणि ‘दार लावलं का’. म्हणून ठरवलं होतं — प्रवास नको, दागिना नको, दोघांनी मिळून काहीतरी करायचं. आणि वेड दोघांचं एकच. लग्नाआधी पहिल्यांदा भेटलो तेव्हा खेळण्यांच्या दुकानासमोर दोघंही एकाच मोटारीकडे टक लावून बघत होतो. तशीच आता खरीखुरी. जुनी आहे, पण आपण नीट करू. दोघं मिळून!

मी म्हटलं, “काय दिसते ना?”

ही म्हणाली, “वजन किती असेल हो हिचं?”

९ फेब्रुवारी

ही वजनमापं खात्यात निरीक्षक आहे. दुकानांतले काटे तपासते, खोटे निघाले तर जप्त करते. तिच्यासमोर कुणी ‘साधारण’ म्हणत नाही.

सकाळी गाडी ट्रकांच्या काट्यावर नेली. काटेवाला हिला बघून उभाच राहिला. एक हजार एकशे वीस किलो. घरी आल्यावर मलाही काट्यावर उभं केलं. एक्क्याण्णव. “हा काटा जरा पुढे आहे,” मी म्हटलं. “तो मी तपासलेला आहे,” ही म्हणाली.

कोठीच्या दारावर आता खडूनं लिहिलंय:

गाडी ११२०
हे ९१

‘हे’ म्हणजे मी.

१५ फेब्रुवारी, रविवार

पहिली बैठक. मी चित्रं काढून ठेवली होती. रंग, रुंद चाकं, बाजूंना खालून कडा, पुढे बंपरखाली ओठ, मागे पंख. पंख असा की गाडी उभी असली तरी लोकांनी बाजूला व्हावं.

हिनंही कागद आणला होता. त्यावर चित्र नव्हतं. इंजिन, ब्रेक, आणि एक लांबलचक यादी — ‘काय काढायचं’.

“काढायचं?” मी म्हटलं. “आपण गाडी घेतली की भंगार?”

“अहो, गाडी पळायला हवी ना?”

“आधी पळतेय असं वाटायला हवं!”

मेकॅनिकला बोलावलं होतं. दोन गल्ल्या सोडून त्याचं गॅरेज. भला माणूस, कुणालाही नाही म्हणत नाही. ही म्हणाली, आधी इंजिन उघडा. “चालेल.” मी म्हटलं, आधी पंख. “चालेल.” ही म्हणाली, पंखाची मुळात गरज काय? “तेही चालेल.” चहा पिऊन गेला.

२१ फेब्रुवारी

पंख बसला!! काळा, चकचकीत, पुरुषभर लांब. पेंटर दोन हात कमरेवर ठेवून बघत राहिला. दुकानांच्या पाट्या रंगवणारा माणूस, पण नजर आहे त्याला. म्हणाला, “साहेब, आता ही उभी राहूनसुद्धा पळते.” मला अगदी हेच म्हणायचं होतं.

हिनं पंख बसवायच्या आधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर आडवा ठेवून तोलला होता. नऊ किलो चारशे. आकडा तेवढा सांगितला. संध्याकाळी बघतो तर गाडीतलं जास्तीचं चाक, जॅक आणि खालचा गालिचा ओट्याशेजारी रचून ठेवलेला. एकवीस किलो.

दारावर: ११०८.

२६ फेब्रुवारी

बॉनेटवर हवा घ्यायच्या दोन खिडक्या लावल्या. मागे चार नळकांडी.

ही वाकून बघत होती. “यातून आत हवा जाते?”

“नाही.”

“मग?”

“जाते असं दिसतं.”

“आणि धूर चारही नळ्यांतून येतो?”

“एकीतून. पण कुठल्या ते ओळखू येत नाही.”

ही माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. खोट्या वजनांच्या दुकानदाराकडे बघते तसं.

१ मार्च, रविवार

रेडिओ गेला. पुढच्या खणाचं झाकण गेलं. दाराची आतली कापडं गेली. छताचं अस्तर गेलं. माझ्या बाजूच्या दाराची आतली मूठ — ती कशाला? “एकशे ऐंशी ग्रॅम.” म्हणजे आता मला गाडीतून उतरायचं असेल तर कुणीतरी बाहेरून दार उघडावं लागतं. आज हिनं भाजी घेईपर्यंत मी आतच बसून होतो. येणारे-जाणारे गाडीकडे बघत होते, हे मात्र खरं. एका आजोबांनी तर काचेवर टकटक करून विचारलं, “बरे आहात ना?”

दारावर १०८९. मी खालच्या कडा लावल्या की ११०४ होईल. हिला अजून माहीत नाही.

५ मार्च

आज दवाखान्यात एक निवृत्त शिक्षिका आल्या होत्या, मागच्या महिन्यात केलेली कवळी घेऊन. मी जरा धास्तावलो — गाडीच्या नादात त्यांचे दात मी दोन छटा जास्तच पांढरे केले होते. शिवाय मला माहीत होतं की त्यांचा खालचा चावा जुळत नाही.

बाई आरशासमोर दहा मिनिटं हसत बसल्या. डावीकडून. उजवीकडून.

“चावता येतं ना नीट?” मी घाबरत विचारलं.

“नाही हो! खायला जुनी आहे माझ्याकडे. ही हसायची.”

घरी येऊन हिला सांगितलं. म्हटलं, बघ, लोकांना काय हवं असतं! ही म्हणाली, “म्हणजे तुम्ही चोवीस वर्षं अशा कवळ्या करताय?”

८ मार्च, रविवार

पुढचा ओठ लावला. गाडी जमिनीपासून चार बोटांवर आली. असं रूप! पेंटरचे डोळे भरून आले, किंवा थिनर गेला असेल.

मग फिरायला निघालो तर आमच्याच गल्लीच्या तोंडाशी असलेला गतिरोधक चढेना. ओठ टेकला. मागे घेतली, तिरकी घातली, तरी टेकला. मागून रिक्षा, दुधाची गाडी, एक शाळेची बस. ही गाडीतून उतरली, निमूटपणे बांधकामाच्या ढिगातल्या दोन फळ्या आणल्या, त्यावरून गाडी नेली. पलीकडे गेल्यावर मी म्हटलं, फळ्या बरोबर घेऊ, पुढेही गतिरोधक असतील.

“फळ्या अकरा किलो,” ही म्हणाली.

म्हणजे आमची स्पोर्ट्‌स कार सध्या घरापासून गतिरोधकापर्यंत जाते. साठ पावलं. मी मोजली. पण त्या साठ पावलांत गल्ली थांबते!

१४ मार्च

हिनं ड्रिल आणलं.

१५ मार्च, रविवार

ज्याला भोक पाडता येईल त्याला पाडलं. पायातल्या पेडलांना. गियरच्या दांड्याला. सीटच्या लोखंडाला, बिजागऱ्यांना. बॅटरीच्या पट्टीला. कायद्यानं लागतं ते सगळं शाबूत — हॉर्न आहे, दिवे आहेत, आरसे आहेत — त्याबाबतीत ही काटेकोर. पण आरशांच्या दांड्यांना प्रत्येकी चार.

किल्ली उचलली तर किल्लीलाही तीन भोकं.

मेकॅनिकला म्हटलं, काही बोला की! तो म्हणाला, “किल्ली जरा जपून फिरवा.”

इंजिनचं काम मात्र त्यानं मनापासून केलंय. चालू केलं की आवाज असा येतो की शेजारणीचं झाकण भांड्यावर नाचतं. ही आवाज ऐकताना डोळे मिटते. पंचवीस वर्षांत माझ्या कुठल्याही वाक्याला हिनं असे डोळे मिटलेले नाहीत.

२१ मार्च

गोंधळ झालाय. टपालानं दोन पाकिटं आली.

एक माझं. गावाबाहेरच्या टेकडीच्या पायथ्याशी मैदानात ‘देखणी मोटार’ स्पर्धा, एकोणीस एप्रिल, माझा क्रमांक एकतीस. मी हिला न सांगता नाव दिलं होतं. आश्चर्याचा धक्का द्यायचा होता.

दुसरं हिचं. त्याच टेकडीवर, त्याच दिवशी, ‘टेकडी-चढाई’, फक्त स्पोर्ट्‌स कारसाठी. अकरा वळणं, कमीत कमी वेळ. क्रमांक बारा. हिनंही मला न सांगता.

गाडी एकच!

“तुम्ही विचारलं का नाहीत?”

“तू विचारलंस?”

“मला वाटलं तुम्ही नाही म्हणाल.”

“मलाही!”

मग आवाज चढले. मी म्हटलं, तुला गाडीत काही उरूच द्यायचं नाहीये. ही म्हणाली, आणि तुम्हाला गाडी नकोच आहे, फोटो हवाय. मी म्हटलं, फोटोला निदान भोकं नसतात. फारच पोरकट बोललो. लिहूनही लाज वाटते.

२३ मार्च

अबोला. निरोप मेकॅनिकमार्फत. तो दोन्हीकडून ‘चालेल’ म्हणतो आणि काहीच ठरत नाही.

२४ मार्च

अबोला. आज हिनं ड्रिल पुसून खोक्यात ठेवलं. मला कसंतरीच झालं.

२९ मार्च, रविवार

मीच गेलो शेवटी. म्हटलं, असं करू. चढाई दहाला, देखण्या मोटारींची पाहणी अकराला. पंख, ओठ, कडा, खिडक्या — सगळं खिट्ट्यांवर बसवू. सकाळी तू काढून ठेव, वर जाऊन ये, खाली आलीस की मी परत लावतो.

ही विचारात पडली. “किती वेळ लागेल लावायला?”

दुपारभर सराव केला. मेकॅनिकनं खिट्ट्या बसवून दिल्या. काढायला चौदा मिनिटं, लावायला बावीस. ही घड्याळ घेऊन उभी, मी अंगणभर धावतोय — ‘डावी कडा!’ ‘ओठ!’ तिसऱ्या खेपेला एकोणीस मिनिटांवर आलो. हिनं टाळी वाजवली!! मला वाटतं, या वर्षातलं आमचं हे सगळ्यात लांबलेलं बोलणं.

मग जोशात येऊन म्हणून गेलो, “चढाईला मीही येतो. बाजूला बसतो.”

ही हसली. मग तिच्या लक्षात आलं की मी हसत नाहीये.

“अहो,” ही म्हणाली, “तुम्ही एक्क्याण्णव किलो आहात.”

३० मार्च

किल्लीतून किती ग्रॅम निघाले असतील? दोन? तीन? त्या किल्लीशी माझी तुलना झाली आणि मी हरलो.

१ एप्रिल

आजपासून काकडी.

६ एप्रिल

८९.

९ एप्रिल

८८.४. दवाखान्यात चक्कर आली, एका गृहस्थाच्या जबड्याचा साचा हातातून पडला. त्यांना परत बोलवावं लागेल. दारावर ही रोज माझा आकडा पुसून नवा लिहिते. ‘हे ८८.४’. अक्षर मात्र सुंदर काढते.

१४ एप्रिल

आज कामावरून आलो तर गाडीतली माझी सीट नव्हती. दिसतच नव्हती कुठे. मग सापडली — गच्चीच्या जिन्याखाली, चादर घातलेली. सतरा किलो.

मी काकडी खाल्ली नाही. जेवलो. पोटभर जेवलो.

१९ एप्रिल, रविवार

हात अजून दुखतायत, पण आज सगळं लिहिल्याशिवाय झोप यायची नाही. अजून ऊन आहे, ही आत पडलीय, मी पायरीवर बसून लिहितोय.

सकाळी पूर्ण साज चढवूनच निघालो, ही गाडीत, मी मागून रिक्षात, फळ्या टाकत टाकत. मैदानात मला चुन्यानं आखलेला चौकोन मिळाला — एकतीस. शेजारी तीस नंबरला एक निळी, तिच्या मालकानं चाकांच्या नटांना काडीनं कापूस लावून पुसलं होतं. मी हिला म्हटलं, चल, खिट्ट्या काढू.

आणि भोंगा वाजला. ढग येतायत, चढाई अर्धा तास आधीच सुरू झालीय, अकरा गाड्या वर गेल्या! शेवटचा क्रमांक बारा, ताबडतोब रेषेवर!

“काढा!” ही म्हणाली.

“चौदा मिनिटं लागतात!”

“मग राहू दे!” आणि गेली. पंखासकट, ओठासकट, चारही नळकांड्यांसकट. मी एकतीस नंबरच्या रिकाम्या चौकोनात उभा. शेजारचा मालक कापसाची काडी हातात धरून माझ्याकडे बघत होता.

मैदानातून पहिलंच वळण तेवढं दिसतं. बाकी नुसता आवाज. आमच्या इंजिनचा मला लगेच ओळखू आला. जात राहिला, वर, वर. मग मध्येच खडाड् — आणि पुन्हा आवाज सुरू.

पाच मिनिटांनी वळणावर उभा असलेला एक प्रेक्षक खाली आला. हातात डावी कडा. “तुमचीच का? बारा नंबर?” मी घेतली. मग एक कॉलेजची मुलगी उजवी कडा घेऊन आली. मग एका बाईंनी ओशाळून ओठ आणून दिला, जणू त्यांनीच तोडला होता. “वळणावर पडला हो.” मी विचारलं, गाडी? “पुढे गेली की!”

हातांना काहीतरी काम हवं होतं. म्हणून प्रत्येक भाग आणला की रुमालानं पुसायचा आणि चौकोनात जिथे असायला हवा तिथे ठेवायचा. पुढे ओठ. दोन्ही बाजूंना कडा. मागे एकेक नळकांडं — चारपैकी तीन आली. खऱ्या हवेच्या दोन खोट्या खिडक्या मध्ये. मग दोघं जण मिळून पंख घेऊन आले. तोही ठेवला.

आणि मग एक माणूस बॉनेट घेऊन आला.

बॉनेट माझं नव्हतं. बॉनेट गाडीचं होतं. त्याला खिट्ट्या नव्हत्या, ते बोल्टांवर होतं.

“हे कुठे पडलं?”

“सातव्या वळणावर.”

“आणि गाडी?”

“ते नाही बघितलं बुवा.”

आवाज येत नव्हता. मी कान दिला. नाहीच येत.

मग मी धावलो. टेकडीवर, रस्त्यानं, वर. पांढरा झेंडा घेतलेला माणूस ओरडला, मी ऐकलं नाही. पहिलं वळण, दुसरं. तिसऱ्याला छाती फुटायला आली. मनात एकच — सीट तिनं काढली, बरं केलं असं मला आत्ता वाटायला हवं होतं, आणि वाटत होतं नेमकं उलटं. मी असतो तर निदान बाजूला असतो. चौथ्या वळणावर गुडघे धरून उभा राहिलो आणि वरून ती आली.

नागडी गाडी! बॉनेट नाही, कडा नाहीत, इंजिन उघडं, धूर चक्क एकाच नळीतून. हळूहळू उतरत होती. ही स्टिअरिंगच्या मागे, केस विस्कटलेले, नाकावर तेल.

“अहो! तुम्ही इथे काय करताय?”

मी नुसतं बॉनेटच्या जागेकडे बोट दाखवलं.

“ते उडालं तेव्हा दोन सेकंद काही दिसलंच नाही,” ही म्हणाली. “मग जास्तच दिसायला लागलं.” नाकावरचं तेल तिनं बाहीनं पुसलं. “पहिली आले! प्रत्येक वळणावर काहीतरी पडत होतं आणि गाडी हलकी होत होती. तुमचं सामान गळत गेलं म्हणून जिंकले मी!”

मग म्हणाली, “वर पोचले ना, तेव्हा घड्याळवाल्यानं वेळ सांगितली. तीन मिनिटं एकेचाळीस. आणि मी ‘ऐकलंत का’ म्हणून डावीकडे वळले. तर तिथे पत्रा होता.”

मी बाहेरून दार उघडलं, पत्र्यावर मांडी घालून बसलो आणि दार ओढून घेतलं. धरायला काही नव्हतं, म्हणून तिच्या सीटचं लोखंड धरलं. त्यातल्या भोकांत बोटं छान बसतात.

खाली आलो तर एकतीस नंबरभोवती गर्दी. ढगांमुळे परीक्षकही आधीच येऊन गेले होते. माझ्या मांडणीच्या मधोमध पंखाला निळी फीत. पहिला क्रमांक!! तीस नंबरचा मालक रडवेला होऊन भांडत होता — “यात गाडीच नाहीये!” परीक्षकांपैकी एक जाड चष्म्याचे गृहस्थ त्याला समजावत होते, “मान्य आहे. पण बघा ना, धूळ नाही, तेलाचा डाग नाही, गंज नाही. रेषा किती मोकळ्या. आम्ही आतूनही पाहिली, फार स्वच्छ आहे.”

ही हसायला लागली ती थांबेचना. मीही. दोघं चुन्याच्या चौकोनात ओठ आणि पंख यांच्या मध्ये बसून, म्हणजे साधारण जिथे सीटा असतात तिथे, वेड्यासारखे हसत होतो.

२० एप्रिल

सीट परत बसवली. हिनं. मी नुसते स्क्रू धरून होतो.

दारावरची पाटी पुसलीय. पूर्ण.

२६ एप्रिल, रविवार

फिरायला गेलो, दोघं. ओठ नाही, म्हणून फळ्या नाहीत. गतिरोधकावरून अशी गेली की मला वाईटच वाटलं थोडं. गल्लीबाहेर, मोठ्या रस्त्यानं, शेतं लागेपर्यंत. बॉनेट परत लावलंय, पंख मी मागितला नाही. पण ही आपण होऊन म्हणाली, “पंख लावा हो. मागून कशीतरीच दिसते.” मी म्हटलं, नऊ किलो चारशे आहे. ही म्हणाली, “मी सांगितलं तेव्हा खरं तर नऊ तीनशे होता. रागात वाढवून सांगितला.”

हिनं! वजन वाढवून सांगितलं! असं प्रेमपत्र मला आजवर कुणी लिहिलं नव्हतं.

८ मे, शुक्रवार

हरलेल्यांपैकी कुणीतरी तक्रार केली होती. आज स्पर्धेकडून दोन तपासनीस आले, गाडीखाली झोपले, खरवडून सांगाड्यावरचा नंबर वाचला. गाडी स्पोर्ट्‌स कार नाही. कधीच नव्हती. लाँड्रीचे कपडे घरोघर पोचवणारी व्हॅन — वर कुणीतरी फायबरचं अंग चढवलेलं. आमच्या कागदांवरही तसं छापलंय, बारीक अक्षरात. आम्ही दोघांनीही ते वाचलं नव्हतं.

मेकॅनिकला विचारलं, तुम्हाला कधी कळलं?

“पहिल्याच दिवशी. मला वाटलं तुम्हाला माहितीये. भांडण त्यावरूनच चाललंय असं समजत होतो मी.”

तपासनीस म्हणाले, चषक परत द्यावा लागेल. ही म्हणाली, देते. फक्त अकरा स्पोर्ट्‌स कार लाँड्रीच्या व्हॅनमागे राहिल्या, एवढं लेखी द्या. सहीशिक्क्यानिशी.

तपासनीस अजून बाहेर अंगणात उभे आहेत. एकमेकांशी कुजबुजतायत. ही त्यांना पेन द्यायला गेलीय.